वेबसाइटचे नवे रूप ठरवताना: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच पेचातून आले आहेत. डिझायनरने दाखवलेला नमुना लॅपटॉपवर देखणा दिसतो, मालकाला आवडतो, साइट सुरू होते आणि ऑर्डर मात्र येत नाहीत. नमुना इंग्रजी मजकुरावर आणि १४४० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर बेतलेला असतो. गिऱ्हाईक येते ते ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर, इन्स्टाग्रामच्या लिंकवरून, आणि ते मराठी वाचते. उत्तरे देताना हेच गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवले आहे.

प्रश्न: नव्या साइटच्या पहिल्या पानावर पाच चित्रांचा स्लायडर हवा असे घरच्यांचे म्हणणे. डिझायनर म्हणतो, स्लायडर जुना झाला, आता पडदाभर व्हिडिओ लावतात. कोणाचे ऐकावे? (पैठणी विक्रेते, येवला)

स्लायडरबाबत डिझायनरचे ऐका. दुसऱ्या-तिसऱ्या चित्रापर्यंत फारसे कोणी थांबत नाही. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर २०१३ मध्ये झालेल्या मोजणीत स्लायडरवर क्लिक करणारे सुमारे एक टक्का निघाले आणि त्यांतल्याही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर क्लिक केले होते. शिवाय पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला थांबवण्याची सोय हवी, असे डब्ल्यूसीएजी हे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. तयार थीममध्ये ते बटण बहुधा नसते.

व्हिडिओ मात्र पूर्ण टाकून देऊ नका. पदर हलला की जरीची चमक आणि धूपछाँव रंग कळतो, तो स्थिर फोटोत येत नाही. फक्त तो पहिल्या पडद्यावर नको, थोडा खाली घ्या. ६ ते ८ सेकंदांचा तुकडा, आवाज काढलेला, ७२० पिक्सेल रुंद, दोन एमबीच्या आत, आणि पाच सेकंदांहून लांब असल्याने थांबवण्याच्या बटणासह. कोडमध्ये ‘म्यूटेड’ आणि ‘प्लेजइनलाइन’ ही दोन्ही ॲट्रिब्यूट (व्हिडिओच्या टॅगमध्ये लिहायच्या सूचना) लागतात. ती नसली तर आयफोनवर व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही किंवा पूर्ण पडदा व्यापून उघडतो. सुरू होईपर्यंत दिसण्यासाठी पोस्टर म्हणून स्थिर फोटो द्या.

पहिल्या पडद्यावर चार गोष्टी पुरेत: एका पैठणीचा चांगला फोटो, हातमाग की यंत्रमाग हे सांगणारी एक ओळ, किंमत कितीपासून सुरू होते, आणि एक बटण. हा भाग ‘पडदाभर उंच’ करताना डिझायनर शंभर व्हीएच (पडद्याच्या पूर्ण उंचीइतके) असे माप देतात. फोनच्या ब्राउझरमध्ये, विशेषतः इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये, वरखालच्या पट्ट्या या मापात धरल्या जात नाहीत, आणि नेमके बटणच खालच्या पट्टीमागे जाते. त्याऐवजी एसव्हीएच, म्हणजे पट्ट्या वगळून उरलेल्या उंचीचे माप, वापरायला सांगा. तपासणीही त्याच वाटेने करा: लिंक इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये स्वतःला पाठवा आणि तिथूनच उघडा.

तुमच्या धंद्यात खरा घोळ रंगाचा. कॅमेरा ॲडोब आरजीबी या रंगपद्धतीवर असेल आणि प्रोफाइल (फाइलमधली रंगपद्धतीची नोंद) न बदलता फोटो साइटवर चढवला, तर राणी आणि मोरपंखी रंग अनेकदा मलूल दिसतात, आणि साडी हातात आल्यावर ‘फोटोतला रंग हा नव्हे’ म्हणून परत येते. निर्यात करताना एसआरजीबी ही वेबची नेहमीची रंगपद्धत निवडा, प्रोफाइल फाइलमध्येच ठेवा, आणि प्रत्येक सत्राच्या पहिल्या फोटोत करड्या रंगाचे कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स त्यावरून लावा. प्रत्येक पैठणीचे निदान चार फोटो हवेत: पूर्ण साडी, पदर, काठ आणि मागची बाजू. मागची बाजू टाळू नका. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, यंत्रमागाच्या साडीत मागे धागे सुटलेले दिसतात. जाणकार गिऱ्हाईक तेच शोधत असते. यादीत ४०० पिक्सेलचा छोटा फोटो आणि झूमसाठी २००० पिक्सेलचा मोठा फोटो अशा दोन फाइल ठेवा. मोठी फाइल बोट लावल्यावरच उतरली पाहिजे.

प्रश्न: आमच्या ब्रँडची इंग्रजी साइट सुंदर दिसते. तीच रचना मराठीत आणली तर मथळ्यांची शिरोरेषा तुटते, वेलांट्या कापल्या जातात, ॲनिमेशनमध्ये अक्षरांऐवजी ठिपक्यांची वर्तुळे येतात. फॉन्ट बदलून पाहिला, उपयोग नाही. (मार्केटिंग विभाग, पुणे)

दोष फॉन्टचा नाही. इंग्रजी अक्षरे एकेकटी उभी राहतात, देवनागरी शिरोरेषेने जोडलेली आणि मात्रांनी वरखाली वाढलेली असते. इंग्रजीसाठी लिहिलेली सीएसएस (पानाचे रूप ठरवणारा कोड) तशीच लावली की नेमके हेच होते. एकेक कारण घेऊ.

शिरोरेषा तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडलेली असते. देवनागरीत ती जागा रेषेत भेग पाडते. उणे लेटर-स्पेसिंगची सध्याची पद्धतही नको, त्याने काना शेजारच्या अक्षरात घुसतो. मराठीसाठी ही किंमत शून्य ठेवा. मथळ्याला भारदस्तपणा हवा असेल तर आकार आणि वजन वाढवा.

वेलांटी, रफार आणि उकार कापले जातात ते ओळीच्या उंचीमुळे. इंग्रजी मथळ्यांना लाइन-हाइट १ किंवा १.१ चालते. मराठी मथळ्यांना निदान १.३ ते १.४ आणि मजकुराला १.६ ते १.८ द्या. मजकूर इंग्रजीपेक्षा एक-दोन पिक्सेल मोठा ठेवा. फोनवर १७ किंवा १८ पिक्सेल बरे वाटतात. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून ‘ओव्हरफ्लो हिडन’ केलेले असेल, तर ‘किंमत पाहा’ मधला अनुस्वार हमखास उडतो. उंची बांधण्याऐवजी वरखाली पॅडिंग द्या.

ठिपक्यांच्या वर्तुळाचे कारण निराळे. एकेक अक्षर उडत येण्याचे ॲनिमेशन मजकूर युनिकोडच्या एकेका चिन्हावर तोडते. ‘कि’ ही संगणकाच्या लेखी दोन चिन्हे आहेत, क आणि ऱ्हस्व वेलांटी. ती वेगळी केली की आधार हरवलेल्या वेलांटीसाठी ब्राउझर वर्तुळ काढतो, आणि ‘प्र’ चे ‘प्’ आणि ‘र’ होतात. मराठीत ॲनिमेशन शब्दावर किंवा ओळीवर लावा. लेखाचा सारांश ठरावीक चिन्हांवर तोडणाऱ्या कोडमध्येही हीच चूक असते, तेही तपासा.

नुसती बाह्यरेषा असलेली पोकळ अक्षरे सध्या फार दिसतात. देवनागरीत ती टाळा. शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढतात तिथे प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते.

फॉन्ट निवडताना मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू, तसेच नोटो सान्स देवनागरी हे मोफत पर्याय भरवशाचे आहेत. साहित्यिक किंवा वारशाचा बाज हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी पाहा. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. काही फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणे असतात, पण पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेचा कोड ‘एमआर’ लिहिला असेल तरच मराठी वळण दिसते. बऱ्याच मराठी पानांवर तो ‘ईएन’ च राहिलेला असतो. फॉन्ट घेण्याआधी ‘तऱ्हा, सुऱ्या, ॲप, उत्कृष्ट, लाडू, शाळा’ हे शब्द मथळ्याच्या आणि मजकुराच्या आकारात टाकून पाहा. जुन्या फॉन्टमध्ये ‘ॲ’ नसतो, आणि तेवढे एक अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून येते.

जोडाक्षरांच्या शेकडो आकारांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. म्हणून ४०० आणि ७०० अशी दोनच वजने घ्या, डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या आटोपशीर स्वरूपात. ७०० घेतलेच नाही तर ब्राउझर अक्षरे ओढूनताणून ठळक करतो आणि ‘ष्ट’, ‘क्ष’ यांच्या आतल्या जागा बुजतात. फाइल लहान करताना ओपनटाइपची लेआउट फीचर (अक्षरे जोडण्याचे फॉन्टमधले नियम) काढू नका, जोडाक्षरे फुटतील.

जुने माहितीपत्रक श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, असेल तर त्यातला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि मग रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’ डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात. मजकुराचे चित्र करून चिकटवणे हा उपाय नव्हे. ते चित्र फोनवर वाचता येत नाही, स्क्रीन रीडर वाचत नाही आणि शोधातही सापडत नाही.

प्रश्न: पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासण्याच्या साधनावर मोबाइलचा गुण ३८ आहे. वेग वाढवण्याचे दोन प्लगइन लावले, तरी चाळिशीच्या वर जात नाही. (सेंद्रिय गूळ उत्पादक, कोल्हापूर)

आधी दोनपैकी एक प्लगइन काढा. दोन कॅशिंग प्लगइन (पानाची तयार प्रत साठवून तीच दाखवणारी) एकमेकांचे काम बिघडवतात. उरलेल्यात कार्ट आणि चेकआउट ही पाने कॅशमधून वगळली आहेत ना, हे पाहा. नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसू शकते.

३८ हा गुण प्रयोगशाळेतला आहे, मध्यम फोन आणि मंद नेट गृहीत धरून काढलेला. त्याच पानावर वर दिसणारे, क्रोमच्या खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे जास्त महत्त्वाचे. ते मागच्या २८ दिवसांचे असतात, म्हणून आज केलेली दुरुस्ती तिथे उद्या दिसत नाही. तीन आकडे पाहा. मुख्य चित्र किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत. बोट लावल्यावर प्रतिसाद, म्हणजे आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. हे माप मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आले. आणि पान उड्या मारते का हे सांगणारा सीएलएस ०.१ च्या आत. शंभरातल्या ७५ भेटींत हे जमले पाहिजे.

एलसीपी बिघडतो तो बहुतेकदा फोटोने. फोनवरून काढलेला चार हजार पिक्सेलचा फोटो तसाच चढवलेला असतो आणि सीएसएसने लहान दाखवलेला. ८०० पिक्सेल रुंद करून वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या स्वरूपात ठेवा, शंभर केबीच्या आसपास बसेल. पहिल्या चित्रावरचे लेझी लोडिंग (चित्र उशिरा आणणे) बंद करून त्याला ‘फेचप्रायॉरिटी हाय’ द्या. प्लगइन सरसकट सगळी चित्रे उशिरा आणतात, त्यात तेही सापडते. मग होस्टिंग कुठले आहे ते विचारा. गिऱ्हाईक महाराष्ट्रात असेल तर सर्व्हर मुंबईत असावा किंवा सीडीएन (पानाच्या प्रती गिऱ्हाइकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असावे.

आयएनपीसाठी टॅग मॅनेजर, म्हणजे साइटवर बाहेरचे कोड लावण्याचे साधन, उघडा. मागच्या एजन्सीचे पिक्सेल (भेटी मोजणारे जाहिरातीचे कोड), बंद पडलेली हीटमॅप सेवा (लोक कुठे बोट लावतात हे दाखवणारी), दोन-दोन चॅटच्या खिडक्या असे बरेच काही साठलेले असते. मेटा पिक्सेल प्लगइनमधूनही आणि टॅग मॅनेजरमधूनही लावलेला असला, तर वेग तर जातोच, शिवाय एकच खरेदी दोनदा मोजली जाते आणि जाहिरातीचा अहवाल खोटा सुखावतो. एका जागेचा काढा. चॅटच्या खिडकीऐवजी व्हॉट्सॲपची साधी लिंक ठेवा. तिच्यात ९१ नंतर दहा आकडी नंबर, आधी शून्य किंवा अधिकचे चिन्ह नको.

पान उड्या मारते ते मागाहून टपकणाऱ्या ‘आजची ऑफर’ पट्टीमुळे आणि मापे न दिलेल्या चित्रांमुळे. पट्टीची जागा आधीच राखून ठेवा, प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा.

प्रश्न: होमस्टेच्या साइटसाठी काचेसारखे धूसर पारदर्शक चौकोन, काळी पार्श्वभूमी आणि बेंटो रचना (लहानमोठ्या चौकोनांची मांडणी) सुचवली आहे. योग्य आहे का? (पेडणे, गोवा)

ॲपलने जून २०२५ मध्ये लिक्विड ग्लास हे काचेसारखे पारदर्शक रूप दाखवल्यापासून काचेची लाट पुन्हा आली आहे. तुमच्या साइटवर ती जपून वापरा. पांढऱ्या वाळूच्या फोटोवर धूसर काच आणि तिच्यावर पांढरी अक्षरे ठेवली, तर भर उन्हात फोन धरून पत्ता शोधणाऱ्याला काही दिसणार नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) निदान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. काचेमागे ७० ते ८० टक्के अपारदर्शक थर द्या आणि सर्वांत उजळ फोटोवर मोजा. पार्श्वभूमी धूसर करण्याचे काम स्वस्त फोनवर जड जाते आणि स्क्रोल अडखळते, तेव्हा एका पडद्यावर असा एकच चौकोन पुरे.

मूळ रूप उजळच ठेवा. गडद रूप द्यायचे तर फोनच्या सेटिंगनुसार बदलणारे द्या, निव्वळ काळ्याऐवजी #१२१२१२ च्या जवळचा रंग घ्या, आणि लोगो गडद पार्श्वभूमीवर नाहीसा होत नाही हे बघा. बुकिंग फॉर्मच्या रकान्यात पांढऱ्यावर पांढरी अक्षरे पडणे ही नेहमीची चूक.

बेंटो तुम्हाला खरोखर उपयोगाची आहे. खोलीचे भाडे, न्याहारी, समुद्रकिनाऱ्याचे अंतर, पार्किंग, चेक-इनची वेळ असे सहा-सात चौकोन प्रवाशाचे प्रश्न लगेच सोडवतात. फोनवर ते एकाखाली एक येतात, त्यामुळे कोडमधला क्रमच महत्त्वाचा. भाडे दुसऱ्या क्रमांकाच्या खाली जाऊ देऊ नका.

प्रश्न: आंब्याच्या हंगामात साइटवर उलटी घड्याळे आणि ‘फक्त ३ पेट्या शिल्लक’ असे लावावे, त्याने विक्री वाढते, असे सल्लागार सांगतो. (हापूस बागायतदार, रत्नागिरी)

पेट्या खरोखर तीनच असतील तर जरूर लिहा. नसतील तर तो कायद्याचा भंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या रचनांविरोधी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत फसवणुकीचे १३ प्रकार नोंदले आहेत, आणि खोटी घाई हा त्यांतला एक. न विचारता कार्टमध्ये वस्तू किंवा देणगी घुसवणे, शेवटच्या पायरीवर नवे शुल्क उघड करणे, ‘नको, मला चांगला आंबा नको’ अशा बटणाने लाजवणे हेही त्यातच येते. आधीच खूण केलेल्या चौकटीतून संमती धरायला ई-कॉमर्स नियम, २०२० मनाई करतात.

आंब्याला खोटी घाई लागतही नाही, हंगामच तोकडा असतो. गिऱ्हाइकाची धास्ती वेगळी असते: माल खरा रत्नागिरीचा का, किती येईल, कधी येईल. त्याला उत्तर द्या. ‘एक पेटी’ एवढ्यावर थांबू नका. किती डझन, एका फळाचे वजन किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंत, फळ कच्चे, अर्धपिके की तयार, हे लिहा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुम्ही नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर नुसते चिन्ह न लावता नोंदणी क्रमांक छापा. पिनकोड टाकला की पोहोचण्याची तारीख आणि वाहतूक खर्च वस्तूच्या पानावरच दिसू द्या. डागी फळ निघाले तर किती तासांत, कसला फोटो पाठवायचा आणि पैसे की बदली फळ, हे किमतीखाली दोन ओळींत सांगा. पैसे भरण्याच्या पानावर फोनवाल्याला क्यूआर कोड दाखवू नका, तोच फोन तो स्कॅन कसा करणार? फोनवर यूपीआय ॲप थेट उघडणारे बटण, संगणकावर क्यूआर.

प्रश्न: चौकशीच्या फॉर्मसाठी संमतीची ओळ मराठीत लागते का? (शिकवणी वर्ग, ठाणे)

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्या यादीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबू नका. नाव, फोन आणि इयत्ता एवढेच विचारा, जन्मतारीख-पत्ता काढून टाका. फोनचा उपयोग कशासाठी करणार हे एका वाक्यात लिहा, आणि व्हॉट्सॲपवर जाहिराती पाठवायच्या असतील तर त्याची वेगळी, रिकामी चौकट ठेवा. तुमचे विद्यार्थी १८ वर्षांखालचे असतील तर संमती पालकांची लागते, म्हणून फॉर्म पालकांना उद्देशून लिहा.

प्रश्न: एआयने बनवलेली साइट स्वस्तात मिळाली, पण ती इतरांसारखीच दिसते. (फराळाचे पदार्थ विक्रेते, नाशिक)

जांभळा-निळा ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारा रंग), तीन सारखे चौकोन आणि गुळगुळीत वाक्ये ही या साधनांची ठरलेली चाल आहे. सांगाडा ठेवा, पण तीन गोष्टी स्वतःच्या घाला: तुमच्या पाकिटावरचे दोन रंग, तुमच्या चकलीचे तुमच्याच प्रकाशात काढलेले फोटो, आणि तुम्ही फोनवर गिऱ्हाइकाशी बोलता त्या शब्दांतला मजकूर. ‘उत्कृष्ट दर्जाची हमी’ खोडून ‘भाजणीची चकली, शेंगदाणा तेलातली, २१ दिवस टिकते’ असे लिहा, अर्थात तुमच्या मालाला लागू असेल तेच. साधनाने घातलेल्या ग्राहकांच्या शिफारशी आणि आकडे काढून टाका, ते खोटे असतात.

प्रश्न: साइट मराठी आणि इंग्रजी दोन्हीत हवी. आपोआप भाषांतराचे बटण पुरेल का? (मसाले निर्यातदार, दुबई)

नाही. त्या बटणाने झालेले भाषांतर शोधात येत नाही, आणि ‘गोडा मसाला’ चे काय होईल त्याचा भरवसा नसतो. दोन्ही भाषांना स्वतंत्र पत्ते द्या, त्यांना एचरेफलँगने (हे पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे हे गूगलला सांगणाऱ्या टॅगने) एकमेकांशी जोडा, आणि पत्त्यातले शब्द रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक ओळ होते. आयपीवरून देश ओळखून आपोआप भाषा बदलू नका. दुबईत बसलेल्या मराठी माणसाला मराठी पान उघडताच येणार नाही, आणि गूगलचा क्रॉलर (शोधासाठी पाने वाचणारा प्रोग्राम) बहुतांशी अमेरिकेतून येत असल्याने त्यालाही ते दिसणार नाही. भाषा निवडण्याच्या जागी झेंडा नको, ‘मराठी’ असा शब्दच लिहा, आणि तो वरच्या पट्टीत उघड ठेवा, मेन्यूच्या आत दडवू नका. मराठी पानावरून ‘खरेदी करा’ दाबल्यावर चेकआउट इंग्रजीत उघडत नाही ना, पत्ता अपुरा असल्याची सूचना आणि ऑर्डरची ईमेल मराठीत येते ना, हे एक खरी ऑर्डर टाकून पाहा.